पेशी वाढवल्या कोणी?

पोळा झाला की खान्देशात डेंग्यूचे पेशंट वाढू लागतात. जळगाव-धुळ्यात दवाखान्यांबाहेरच्या गाड्यांवर केळी-पपईशेजारी कीवी आणि ड्रॅगन फ्रूट मांडलेले दिसतात, आणि भेटायला येणारा तेच घेऊन आत शिरतो. "कीवी खावाले द्या, पेशी वाढतीन," असं रुग्णाच्या उशाशी कोणीतरी सांगतंच.

या पेशी म्हणजे प्लेटलेट. त्या अस्थिमज्जेत तयार होतात. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात आणि आठ-दहा दिवस जगतात. डेंग्यूचा विषाणू मज्जेचं काम काही दिवस मंदावतो. शिवाय रक्तातल्या प्लेटलेटही भराभर नष्ट होतात. ताप 2 ते 7 दिवस राहतो. तो उतरायच्या सुमारास आकडा तळाला जातो, आणि मज्जा सावरली की एक-दोन दिवसांत आपसूक चढू लागतो. घरचे नेमके आकडा तळाला असताना कीवी आणायला धावतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि श्रेय फळाला जातं.

डेंग्यूत खरी भीती असते ती रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याची, आणि तीही ताप उतरताना. त्या काळात पोट खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यांकडे लक्ष हवं. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावर नजर ठेवून भागत नाही.

इथेच लाल गराचं ड्रॅगन फ्रूट घोटाळा करतं. त्याच्या रंगाला कारण असलेली बीटासायनिनं बीटातही असतात, आणि काहीजणांच्या लघवी-शौचाला ती लाल छटा देतात. एरवी बिनधोक. पण डेंग्यूच्या रुग्णात हा रंग रक्तस्रावासारखा वाटून घर घाबरतं, किंवा उलट खरं रक्त फळावर ढकललं जातं. दुसरी शक्यता जास्त वाईट. आजारात हे फळ द्यायचंच असेल तर पांढऱ्या गराचं द्यावं.

ड्रॅगन फ्रूट हे मूळचं मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. गरात भरपूर पाणी, थोडी साखर, बऱ्यापैकी तंतू. क जीवनसत्त्व मात्र बेताचंच. कीवीत ते 100 ग्रॅमला सुमारे 90 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दिवसाची गरज भागली. आपला पेरू त्याच वजनात 200च्या पुढे जातो, हे गाडीवरचे दर बघून कोणाला वाटणार नाही.

कीवीचा खरा गुण पोटाचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. न्यूझीलंड, इटली आणि जपानमध्ये झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बद्धकोष्ठाच्या रुग्णांना रोज दोन हिरवे कीवी किंवा इसबगोल दिलं गेलं. कीवीने शौचाला साफ होण्याचं प्रमाण वाढलं, पोटालाही आराम पडला. इसबगोलच्या तुलनेत ते कमी पडलं नाही. कीवीचे तंतू पाणी धरून फुगतात. शिवाय त्यात अ‍ॅक्टिनिडिन हे प्रथिनं फोडणारं विकर (एन्झाइम) असतं, पपईतल्या पपेनच्या जातकुळीतलं. ताजा कीवी दह्यात घालून ठेवला तर दही कडवट होतं ते त्यामुळेच. काहींना या विकराची अ‍ॅलर्जी असते. खाताच तोंडाला खाज सुटली तर पुन्हा खाऊन बघू नये.

अ‍ॅव्होकाडोची गोष्ट वेगळी. 100 ग्रॅममध्ये सुमारे 15 ग्रॅम स्निग्धांश, तोही बराचसा ऑलिव्ह तेलातल्या प्रकारचा. म्हणून ते फळापेक्षा शेंगदाण्याच्या पंगतीत बसवलेलं बरं: वरणभात, भाकरी पोटभर खाऊन वर ते खाल्लं तर वजनच वाढेल. पण गाजर-टोमॅटोच्या कोशिंबिरीत घातलं तर त्यातली कॅरोटिनॉइड्स, म्हणजे केशरी-लाल रंगद्रव्यं, शरीरात जास्त शोषली जातात. दाण्याचं कूट घालण्यामागचं शास्त्र तेच.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी मात्र हिशोब उलटतो. अ‍ॅव्होकाडोत 100 ग्रॅमला सुमारे 485 मिलिग्रॅम पोटॅशियम, रावेर-यावलच्या केळ्यातही साधारण साडेतीनशे. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कमरख, म्हणजे चांदणीच्या आकाराचं स्टार फ्रूट, तर अशा रुग्णाने चाखूही नये. त्यातलं कॅराम्बॉक्सिन मेंदूवर परिणाम करतं: न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके. डायलिसिसवरच्या माणसाला भेटायला जाताना फळं न्यायची तर आधी त्याच्या घरी विचारून घ्यावं.