पटकीच्या जीवाणूचे बिघडलेले जनुक

पटकीचा जीवाणू पोटात कमी आणि पाण्यात जास्त राहतो. गंगेच्या मुखाजवळच्या मचूळ खाड्यांत, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी प्लवकांना चिकटून त्याचा मुक्काम असतो. तिथे विष बनवणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. कधी काय बनवायचे आणि कधी थांबवायचे, हे त्याची नियामक प्रथिने ठरवतात.

विषाचा पुरावा १९५९ मध्ये कोलकात्यात मिळाला. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधला, जीवाणू गाळून काढलेला द्रव त्यात सोडला आणि तुकडा पाण्याने टम्म फुगला. विषाचे जनुक चालू करणारे टॉक्सआर हे प्रथिन मात्र हाती लागले ते १९८४ मध्ये. ते पेशीच्या पटलात आरपार रुतलेले असते: आतले टोक डीएनए धरते, दुसरे टोक पटलाबाहेर. मग १९९१ मध्ये टॉक्सटी सापडले. विषाचे जनुक प्रत्यक्ष चालू करण्याचे काम मुख्यतः त्याचेच निघाले आणि टॉक्सआर त्याच्यामागे एक पायरी सरकले. १९९६ मध्ये कळले की विषाचे जनुक मुळात एका जीवाणूभक्षी विषाणूने आणून टाकलेले आहे. म्हणजे भाडेकरू नवा, पण दिव्याचे बटण जुन्या घरमालकाचे! टॉक्सआर निरुपद्रवी जातभाईंतही असते आणि पित्तात तग धरायला लागणारी बाह्यपटलातली छिद्रे बदलते. विषाशी संबंध आला म्हणून त्याला ते नाव मिळाले, एवढेच.

खरा घोळ झाला तो २००० मध्ये. संपूर्ण जनुकक्रम वाचण्यासाठी एन१६९६१ हा बांगलादेशातला वाण निवडला गेला. रुग्णाकडून आलेला, साथीच्या एल टॉर प्रकारातला. निवड वरकरणी रास्तच होती. पण दोनच वर्षांत ध्यानात आले की या वाणात हॅपआर या नियामकाच्या जनुकातली अक्षरचौकट, म्हणजे डीएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचण्याची मांडणी, सरकलेली आहे, त्यामुळे प्रथिन निकामी आहे. हॅपआर गर्दी ओळखून काम करते. जीवाणूंची दाटी झाली की ते विष आणि चिकट थर दोन्ही आवरते आणि आतड्यापासून सुटायला मदत करणारे प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारे विकर, बनवायला लावते. इतर अनेक रोगजंतू गर्दी झाल्यावर हल्ला चढवतात. हा गर्दी झाल्यावर काढता पाय घेतो. ज्या वाणाला गर्दीच कळत नाही, तोच प्रमाण मानला गेला.

निवडीचे समर्थक म्हणतात, हॅपआर बिघडलेले वाण रुग्णांतही सापडतात, तेव्हा हा काही प्रयोगशाळेतला अपघात नव्हे. ते खरेच आहे. पण त्याने खाडीतल्या आयुष्याचा हिशेब लागत नाही, आणि माझ्या मते नुकसान तिथेच झाले. २००५ मध्ये दिसले की प्लवकांच्या कवचातले कायटिन मिळाले की हा जीवाणू आजूबाजूचा सुटा डीएनए उचलून आपलासा करतो. नवे गुण मिळवण्याची ही त्याची हक्काची वाट. पण एन१६९६१ला ते जमेना. धड हॅपआर परत बसवल्यावरच जमले.

तरीही या जीवाणूची जनुके आजही एन१६९६१च्याच क्रमांकांनी ओळखली जातात. त्या यादीत हॅपआरलाही क्रमांक आहे, व्हीसी०५८३.