हिमोग्लोबिन बारा आहे, मग फेरिटिन कशाला?

इंदुरात मराठी घरांतल्या कुठल्याही हळदीकुंकवाला जा, "माझं हिमोग्लोबिन बारा आहे, रक्त अगदी छान" हे कानावर पडतंच. म्हणणारी जिना चढताना दोनदा थांबलेली असते, ते सोडा.

हिमोग्लोबिन सगळ्यांना ठाऊक आहे. बायकांत १२ च्या खाली, पुरुषांत १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया. पुढे चला.

फेरिटिन ही रक्ताचीच वेगळी तपासणी. तिच्यावरून कळतो तो शरीरातला लोहाचा साठा, आणि घोळ इथेच होतो. पाळीत दर महिन्याला लोह जातं, बाळंतपणात आणखी. मग शरीर साठ्यातलं लोह काढून हिमोग्लोबिन सावरून धरतं. पातेल्यात भात दिसतो म्हणून डब्यात तांदूळ आहेत असं थोडंच? साठा रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन १२.४ येऊ शकतं, ते घसरतं सगळ्यात शेवटी. तोवर थकवा, केसगळती, रात्री पाय स्वस्थ न राहणं, बर्फ चघळावासा वाटणं सुरू झालेलं असतं. त्यावर घरचे, कधीकधी डॉक्टरसुद्धा, म्हणतात, "बायकांना एवढं चालायचंच." या वाक्याची मला चीड आहे.

रिपोर्टही फसवतो. कित्येक लॅब फेरिटिनची खालची मर्यादा बायकांसाठी पुरुषांपेक्षा कमी छापतात, त्यामुळे १४ आलं तरी 'नॉर्मल'. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली साठा संपला असं धरते; बरेच डॉक्टर ३० लाच सावध होतात. शिवाय ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा आजारपणातला आकडा धरून बसू नका.

उलटंही घडतं. थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषात हिमोग्लोबिन कमी, पण लोह पुरेसं असू शकतं. म्हणून शेजारणीच्या लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करायच्या नाहीत.

गोळ्या चालू असतील तर हिमोग्लोबिन वर येताच बंद करू नका. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने घ्याव्या लागतात. बिटाचा रस लाल असतो, एवढंच त्याचं कौतुक. पोह्यांवर जिरावन (इंदुरी मसाला) आणि शेवेबरोबर लिंबू जरूर पिळा, लोह शोषलं जायला मदत होते. पण त्यावर लगेच कडक चहा घेतलात तर केलेलं पाण्यात. गोळीचंही तसंच.

पाळी कायमची थांबल्यावरही फेरिटिन कमी येत असेल, तर पाळीवर खापर फोडता येत नाही. पोटातून, आतड्यातून रक्त जातंय का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नुसती गोळी लिहून घेऊन परतू नका.