टी पेशीला दुसरा संकेत का लागतो?

१३ मार्च २००६. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा धडधाकट तरुणांच्या शिरेत टीजीएन१४१२ हे नवं औषध सोडलं गेलं. मात्रा किरकोळ होती, माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेवा हिस्सा. तास-दीड तासात सगळ्यांचं डोकं आणि पाठ दुखू लागली, मळमळ, ताप, रक्तदाब खाली. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात. सुदैवाने सगळे वाचले.

टी पेशी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. हे औषध त्यांच्यावरच्या सीडी२८ या रेणूला चिकटत होतं. एरवी टी पेशी सहजासहजी पेटत नाही. जंतूच्या प्रथिनाचा तुकडा तिच्या ग्राहीत, म्हणजे पृष्ठभागावरच्या खाचेत, नेमका बसला की पहिला संकेत मिळतो. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण कधी कधी आपल्याच प्रथिनांचे तुकडेही तिथे बसतात. म्हणून दुसरा संकेत. टी पेशीला असे तुकडे दाखवणारी पहारेकरी पेशी म्हणजे डेंड्रायटिक पेशी. धोक्याची चाहूल लागली की ती आपल्या पृष्ठभागावर बी७ रेणू वाढवते, तो सीडी२८ला भिडतो. पहिला संकेत आहे आणि दुसरा नाही, असं झालं तर टी पेशी बहुधा बधिर होऊन बसते.

टीजीएन१४१२ने सीडी२८ला असं काही चेतवलं की पहिल्या संकेताची गरजच उरली नाही. समोर शत्रू नसताना असंख्य टी पेशी एकदम खवळल्या आणि रक्तात सायटोकाइन या दाह पेटवणाऱ्या रसायनांचा लोंढा सुटला. मग माकडांना काही कसं झालं नाही? त्यांच्या ज्या अनुभवी टी पेशींनी दंगा केला असता, त्यांच्यावर सीडी२८ उरलेलाच नसतो. माणसाच्या तशा पेशींवर तो असतो. मला मात्र जास्त खटकते ती घाई: पहिल्याचं काय होतंय हे पाहायला न थांबता काही मिनिटांच्या अंतराने पुढच्याला औषध दिलं गेलं.

चेतलेली टी पेशी स्वतःच सीटीएलए-४ नावाचा लगामही पृष्ठभागावर आणते. तो त्याच बी७ला सीडी२८पेक्षा घट्ट धरतो आणि दुसरा संकेत तोडतो. ज्या उंदरांत त्याचं जनुक नाही, ते तीन-चार आठवड्यांतच मरतात. त्यांच्या टी पेशी त्यांच्याच अवयवांत घुसतात. प्रतिकारशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६मध्ये हाच लगाम प्रतिपिंडाने अडवला आणि उंदरांतल्या कर्करोगाच्या गाठी विरघळल्या. त्यातून आलेलं इपिलिम्युमॅब हे औषध २०११पासून मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर वापरलं जातं. ते घेणाऱ्या काहींना आतड्याचा दाह होतो, जुलाब थांबत नाहीत. तेव्हा डॉक्टर स्टेरॉइड देऊन त्याच टी पेशींना पुन्हा आवरतात.