एका रंगातला किल्ला

इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये अ‍ॅशबी-डि-ला-झूश नावाचं बाजाराचं लहानसं गाव आहे. १९८२ साली टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांनी तिथं कंपनी थाटली आणि 'अल्टिमेट प्ले द गेम' या नावानं घरगुती कॉम्प्युटरचे गेम काढायला सुरुवात केली. माणसं मोजकीच, जवळजवळ घरचीच. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर दोघांनी आधी काम केलेलं असल्यामुळे मशीनची नस त्यांना ठाऊक होती. ख्रिस प्रोग्रॅम लिहायचा, टिम चित्रं काढायचा.

त्यांचा 'जेटपॅक' १९८३ साली आला, तोही १६ किलोबाइट मेमरीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर. त्यातले जवळपास सात किलोबाइट एकटा पडदाच खायचा. रॉकेट, राक्षस, आवाज, गुणांचा हिशेब हे सगळं उरलेल्या नऊएक किलोबाइटमध्ये बसवायचं. आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एक फोटोसुद्धा याच्या सहज दहापट असतो.

पण या भावांची खरी करामत मला दिसते ती १९८४च्या 'नाइट लोअर' या किल्ल्यातल्या गेममध्ये. ती कळायला तो पडदा समजून घ्यावा लागतो.

आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. एका ठिपक्याला एक बिट, पेटलेला किंवा विझलेला. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे झाले ६,१४४ बाइट. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग देण्याइतकी मेमरीच नव्हती, म्हणून आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून दोन रंग. असे ७६८ चौकोन. हिरव्या झाडाजवळून पिवळा माणूस गेला, की एकाचा रंग दुसऱ्याला लागलाच!

स्टॅम्पर बंधूंनी या गेमपुरता रंगांचा नादच सोडून दिला. किल्ल्याची प्रत्येक खोली एका रंगात आणि काळ्यात, पण तिरक्या कोनातून, लांबी-रुंदी-उंचीसकट दिसणारी. माणूस दगडावर चढतो, कमानीमागे जातो. आता दगडाचे ठिपके माणसात मिसळू नयेत म्हणून प्रत्येक चित्राला एक मुखवटा दिला. मागच्या भिंतीचे आठ ठिपके समजा ११११११११ आहेत. मुखवटा ११००००११. 'अँड' केलं (दोन्हीकडे १ असेल तरच १) की मधले चार विझतात. मग त्या मोकळ्या जागेत ०००११००० हे चित्र 'ऑर'नं (एकीकडे जरी १ असला तरी १) बसवायचं: ११०११०११. चित्राच्या दोन्ही बाजूंना एकेक काळा ठिपका आपसूक राहिला, आणि त्या काळ्या रेषेमुळेच माणूस भिंतीपासून सुटा दिसतो. किती साधं, आणि किती देखणं!

दूरच्या वस्तू आधी आणि जवळच्या नंतर काढायच्या, हे सगळं साडेतीन मेगाहर्ट्झच्या झेड-८० प्रोसेसरनं करायचं. खोलीत हलत्या वस्तू जास्त झाल्या की खेळ चक्क मंदावायचा.

'नाइट लोअर' आधीच तयार होता, पण तो बाहेर आला तर त्यांचाच दुसरा गेम 'सेबर वुल्फ' कोणी घेणार नाही, म्हणून मागे ठेवला, असं भावांनी पुढे सांगितलं. तो आल्यावर तिरक्या खोल्यांच्या गेमची रीघच लागली. १९८५ साली त्यांनी 'अल्टिमेट' हे नाव यूएस गोल्ड या गेम काढणाऱ्या कंपनीला विकलं आणि 'रेअर' या कंपनीतून निन्टेंडोसाठी गेम बनवायला घेतले. १९९४चा 'डाँकी काँग कंट्री' त्यांचाच.

आणि १९८६ साली पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस आपल्याकडे आणला. तोच पडदा, तेच ७६८ चौकोन.