गाठ पांढरीच दिसते, म्हणजे केमो लागलं नाही का?

सुट्टीत गावी, आर्णीकडे, आलो की लोक एमआरआयच्या फिल्मा घेऊन माझ्याकडे येतात. परवा शेजारच्या काकूंनी फिल्म दाराच्या उजेडात धरली. "तीन केमो झाले, तरी गाठ पांढरीच हाये. काहीच फरक नाही काय जी?"

काकू एमआरआयमधली डिफ्यूजनची प्रतिमा बघत होत्या. तिच्याशेजारीच एडीसीचा, म्हणजे पाण्याच्या हालचालीच्या आकड्याचा, नकाशा होता, त्याच तपासणीतून काढलेला. दोन्हींचा विषय एकच, गाठीतलं पाणी किती मोकळं हलतं. पण रंग वाचायची रीत उलटी.

जिनिंगमध्ये रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, तिच्यात बोट शिरत नाही. पट्ट्या तोडल्या की तीच रुई फुगते. कॅन्सरच्या गाठीत पेशी तशाच खच्चून भरलेल्या असतात, पाणी अडतं. म्हणून ती डिफ्यूजनवर चमकते, एडीसीवर काळी दिसते. केमो लागू पडलं की पेशींची आवरणं फुटतात, पाण्याला वाट मिळते आणि एडीसीचा आकडा चढतो, म्हणजे नकाशावर ती जागा उजळते. बरेचदा गाठ लहान होण्याआधीच. आकाराच्या नेहमीच्या निकषात मात्र व्यासांची बेरीज ३० टक्के घटल्याशिवाय 'अंशतः प्रतिसाद' लिहीत नाहीत.

फसवते ती डिफ्यूजनची चमक. पाणी अडलं तरी चमक, आणि मेलेल्या भागात नुसतं पाणी साचलं तरीही चमक! या दुसऱ्या प्रकाराला टी-टू शाइन-थ्रू म्हणतात. तीच जागा एडीसीवरही उजळ असेल, तर ती चमक साचलेल्या पाण्याची. नुसतं पांढरं बघून घरच्यांनी हाय खाऊ नये, हे मी पोटतिडकीने सांगतो.

एडीसीही एकट्याने वाचायचा नाही. पू झालेली जागाही काळी दिसते. मशिन किंवा बी-व्हॅल्यू (डिफ्यूजनसाठी मशिनवर ठेवलेली तीव्रता) बदलली की आकडाही हलतो, म्हणून जमेल तोवर तपासणी एकाच सेंटरला करावी आणि जुनी फिल्म, सीडी जपून ठेवावी.

काकूंनी जपली होती. केमोआधीची फिल्म, त्याच मशिनची, पिशवीत साडीच्या घडीत होती. दोन्ही शेजारी धरल्या. आधीच्या एडीसीवर कोळशासारखी काळी असलेली जागा आता राखाडी, मधोमध उजळ झाली होती. "हे डॉक्टरांना दोन्ही सोबत दाखवा," म्हटलं. काकूंनी दोन्ही फिल्मा एकाच पाकिटात घातल्या.