संस्मरणीय खेळी आणि कर्णधारबदल (क्रिकेट)

क्रिकेटमधील एखादी खेळी थोर का मानली जाते आणि एखादा कर्णधारबदल शहाणपणाचा होता की घाईचा, हे ठरवण्याच्या रूढ पद्धती. धावफलकावर धावा, बळी आणि निकाल यांची नोंद होते. निवाडा मात्र प्रेक्षक, समकालीन खेळाडू, क्रीडालेखक आणि आकडेतज्ज्ञ मिळून करतात. तो एका दिवसात होत नाही आणि कायमचाही राहत नाही. खेळी संपते त्या क्षणी तिचा सगळा पुरावा समोर असतो. कर्णधारबदलाचा पुरावा दुसऱ्यांच्या बॅटीतून आणि दुसऱ्यांच्या गोलंदाजीतून येतो, कधी कधी पाच-सहा वर्षांनी. दोन्ही बाबतींत लोकांची आठवण जिंकणाऱ्याच्या बाजूने झुकते, आणि जाणकाराचे खरे काम हा झुकाव ओळखून मग मोजायला बसणे हे असते.

धावा आणि वजन

ब्रायन लाराने एप्रिल २००४ मध्ये अँटिग्वात इंग्लंडविरुद्ध नाबाद ४०० धावा केल्या. कसोटीच्या एका डावात इतक्या धावा आजवर कोणी केलेल्या नाहीत. तरीही लाराची सर्वोत्तम खेळी कोणती, असे विचारले की बहुतेक जाणकार मार्च १९९९ मधल्या ब्रिजटाऊनच्या नाबाद १५३ चे नाव घेतात. अँटिग्वाचा सामना अनिर्णित राहिला होता आणि खेळपट्टी फलंदाजांच्या बाजूची होती. ब्रिजटाऊनला ऑस्ट्रेलियाकडे ग्लेन मॅकग्रा, जेसन गिलेस्पी आणि शेन वॉर्न होते, विजयासाठी ३०८ हव्या होत्या आणि वेस्ट इंडीजचे पाच गडी १०५ धावांत परतले होते. कर्टली अँब्रोजने ३९ चेंडू थोपवून धरले. तो बाद झाला तेव्हा सहा धावा उरल्या होत्या आणि शेवटचा फलंदाज होता कोर्टनी वॉल्श, कसोटी क्रिकेटमध्ये शून्यावर बाद होण्याबद्दलच प्रसिद्ध असलेला. वॉल्श पाच चेंडू टिकला, एकही धाव न करता. ते पाच चेंडू त्या १५३ धावांचाच भाग आहेत, आणि ज्यांनी तो सामना पाहिला आहे त्यांना लाराचे चौकार जितके आठवतात तितकाच वॉल्शचा पुढे सरकलेला डावा पायही.

म्हणून खेळी तोलताना चार प्रश्न विचारले जातात: खेळपट्टी कशी होती, समोर मारा कोणाचा होता, सामना कोणत्या वळणावर होता आणि दुसऱ्या टोकाला कोण उभे होते. शेवटच्या प्रश्नाचे एक साधे माप आहे, ते म्हणजे संघाच्या एकूण धावांतला वाटा. कसोटी इतिहासातल्या पहिल्याच डावात, मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला, चार्ल्स बॅनरमनने ऑस्ट्रेलियाच्या २४५ पैकी १६५ धावा केल्या आणि बोटाला मार बसल्याने तो डाव अर्धवट सोडून परतला. पूर्ण झालेल्या डावातला ६७ टक्क्यांहून अधिक वाटा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. जून १९९१ मध्ये लीड्सला ग्रॅहॅम गूचने इंग्लंडच्या २५२ मध्ये नाबाद १५४ केल्या. समोर माल्कम मार्शल, अँब्रोज, वॉल्श आणि पॅट्रिक पॅटरसन होते, आकाश ढगाळ होते, आणि गूच डावाच्या पहिल्या चेंडूपासून शेवटच्या गड्यापर्यंत उभा होता. इंग्लंडने तो सामना जिंकला.

शतक हा मैलाचा दगड सोयीचा आहे, पण त्यानेच सगळे मोजले तर फसगत होते. जानेवारी १९७५ मध्ये मद्रासला (आताचे चेन्नई) गुंडप्पा विश्वनाथने वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ९७ धावा केल्या. भारताचा डाव १९० वर संपला, अँडी रॉबर्ट्सने सात बळी घेतले. साथीदार संपले म्हणून तीन धावा राहिल्या. भारताने सामना १०० धावांनी जिंकला आणि ते ९७ आज कित्येक द्विशतकांच्या वर ठेवले जातात. हे योग्यच आहे.

निकालाची सावली

जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध भारताला २७१ धावा हव्या होत्या. पाच गडी ८२ वर गेले होते. पाठदुखीने वाकलेला सचिन तेंडुलकर नयन मोंगियासोबत १३६ धावांची भागीदारी करून गेला आणि स्वतः १३६ वर, विजय १७ धावांवर असताना, सकलेन मुश्ताकच्या चेंडूवर उंच फटका मारून वासिम अक्रमच्या हाती सापडला. उरलेले तीन गडी चार धावांत संपले. भारत १२ धावांनी हरला. या खेळीवर वर्षानुवर्षे एकच आक्षेप घेतला गेला: सामना संपवून यायला हवे होते. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याने खेळीची प्रत बदलत नाही. जे १७ धावांसाठी सचिनला जबाबदार धरतात, त्यांनी उरलेल्या तीन गड्यांचा हिशेबही मांडायला हवा. लारालाही विजय सात धावांवर असताना जीवदान मिळाले होते. यष्टिरक्षक इयन हीलीच्या हातून झेल सुटला. तो झेल टिकला असता तर ब्रिजटाऊनची खेळीही आज चेन्नईच्या शेजारी, 'जवळपास' या खणात पडून राहिली असती. फलंदाजी तीच, मारा तोच. फरक एका हातमोज्याचा.

सुनील गावसकरची शेवटची कसोटी खेळी याच जातीची आहे. मार्च १९८७, बंगळूर, चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळत होता. पाकिस्तानचा पहिला डाव ११६ वर आटोपला, मनिंदर सिंगने सात बळी घेतले. भारताला पुढे १४५ करता आल्या. चौथ्या डावात २२१ हव्या असताना इक्बाल कासिम आणि तौसीफ अहमद दोन्ही टोकांनी फिरकी टाकत होते. गावसकर पाच तासांहून अधिक काळ टिकला, ९६ वर बाद झाला, आणि भारत १६ धावांनी हरला. वळणारा चेंडू मऊ हातांनी पायाशी मारून ठेवायचा, उसळला तर बॅट काढून घ्यायची, खराब चेंडूची वाट पाहायची: फिरकी खेळण्याचा तो चालताबोलता पाठ होता. शतक नाही, विजय नाही, तरी फिरत्या खेळपट्टीवरच्या फलंदाजीची चर्चा निघाली की पहिले उदाहरण म्हणून हीच खेळी दिली जाते. पराभवात केलेली खेळी विसरली जाते, हा समज म्हणूनच पूर्ण खरा नाही. ती सामान्य प्रेक्षक विसरतो. खेळणारे विसरत नाहीत.

आकड्यांनी हा तिढा सोडवण्याचा प्रयत्न २००१ मध्ये 'विस्डेन' या क्रिकेट प्रकाशनाने केला. धावा, गोलंदाजीची ताकद, खेळपट्टी, साथ आणि निकालावर झालेला परिणाम यांना गुण देऊन कसोटीतल्या शंभर सर्वोत्तम खेळींची यादी काढली. डॉन ब्रॅडमनची १९३७ मधली मेलबर्नची २७० पहिली आली, लाराची १५३ दुसरी. त्याच वर्षी कोलकात्यात फॉलोऑननंतर (पहिल्या डावात फार मागे पडल्याने लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागल्यावर) केलेली व्ही. व्ही. एस. लक्ष्मणची २८१ पहिल्या दहांत होती. तेंडुलकरची एकही खेळी शंभरांत नव्हती आणि त्यावरून मोठा गहजब झाला. यादीची पद्धत प्रामाणिक होती. पण निकालाला गुण दिले की दुबळ्या संघातून खेळणाऱ्याचे गुण आपोआप कापले जातात, आणि नव्वदच्या दशकातल्या तेंडुलकरवर नेमके हेच बेतले.

पाहिलेले आणि ऐकलेले

१८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७ होता. कपिल देवने नाबाद १७५ केल्या, सय्यद किरमाणीसोबत नवव्या गड्यासाठी नाबाद १२६ जोडल्या, भारत ३१ धावांनी जिंकला. या सामन्याचे चित्रण उपलब्ध नाही. मैदानात होते तेवढ्यांनीच ती खेळी पाहिली. बाकीच्यांनी ती वर्णनांतून आणि धावफलकावरून मनात उभी केली. बरोबर एका आठवड्याने, २५ जूनला, भारताने विश्वचषक जिंकला नसता तर ती इतकी खोल रुजली असती का, ही शंका रास्त आहे.

उलट बाजूचे उदाहरण २०१९ चे आहे. फेब्रुवारीत डर्बनला श्रीलंकेला ३०४ हव्या होत्या आणि नववा गडी २२६ वर पडला. कुसल परेराने विश्वा फर्नांडोला सोबत घेऊन उरलेल्या ७८ धावा काढल्या. फर्नांडोचा वाटा सहा, परेरा नाबाद १५३. डेल स्टेन, कागिसो रबाडा आणि व्हर्नन फिलँडर यांच्यासमोर, त्यांच्याच घरात. ऑगस्टमध्ये लीड्सला बेन स्टोक्सने नाबाद १३५ करून जॅक लीचसोबत शेवटच्या गड्यासाठी नाबाद ७६ जोडल्या आणि इंग्लंडने ३५९ चे लक्ष्य गाठले. दोन्ही खेळी अजोड आहेत. पण स्टोक्सच्या खेळीची पारायणे होतात आणि परेराचे नाव आठवून सांगावे लागते, याचे कारण फलंदाजीत नाही. अॅशेस मालिका (इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली), भरलेले मैदान आणि इंग्रजी वृत्तपत्रांचा पसारा स्टोक्सच्या पाठीशी होता. माझ्या मते गोलंदाजी आणि साथ लक्षात घेता परेराची खेळी तसूभर वरच आहे.

कर्णधारबदल

ती डर्बनची कसोटी दिमुथ करुणारत्नेची कर्णधार म्हणून पहिलीच होती. दिनेश चंडिमलला वगळून त्याला नेमले होते; श्रीलंकेने मालिका २-० जिंकली आणि दक्षिण आफ्रिकेत कसोटी मालिका जिंकणारा तो पहिला आशियाई संघ ठरला. श्रेय नेमणुकीचे किती आणि परेराच्या बॅटीचे किती? कर्णधारबदलाच्या प्रत्येक चर्चेत हीच गाठ असते.

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी निर्णायक मत टाकून मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी अजित वाडेकर यांना कर्णधार केले. त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत पहिल्यांदा मालिका जिंकल्या. आकडे पाहिले तर गावसकरने पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या, दिलीप सरदेसाईने ६४२, आणि ओव्हलवर भागवत चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले. मग वाडेकरांनी काय केले? उत्तर किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत सापडते. पहिला दिवस पावसाने वाहून गेला, त्यामुळे फॉलोऑनसाठी लागणारी आघाडी २०० वरून १५० वर आली. सरदेसाईच्या २१२ धावांनी भारताने ३८७ केल्या होत्या, वेस्ट इंडीज २१७ वर बाद झाला. वाडेकरांनी नियम बरोबर लक्षात ठेवून गारफील्ड सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीला बोलावले. सामना अनिर्णित राहिला, पण या संघावर आपण फॉलोऑन लादू शकतो हे दोन्ही ड्रेसिंग रूमना कळले. कर्णधाराचे काम असे असते. ते धावफलकात शोधायला जावे तर एका ओळीत दडलेले असते.

तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये भारत ३-० हरला, लॉर्ड्सवर डाव ४२ वर संपला. इंदूरला १९७१ च्या विजयासाठी उभारलेली बॅट विद्रूप केली गेली, आणि वाडेकर लवकरच खेळातून निवृत्त झाले. १६ कसोटी, चार विजय, चार पराभव. पतौडींचे चाळीस कसोटींत नऊच विजय आहेत, तरी भारतीय कर्णधारांत त्यांचे नाव फार वर घेतले जाते, कारण नरी काँट्रॅक्टरच्या डोक्याला जीवघेणा मार लागल्यावर एकविसाव्या वर्षी, एका डोळ्याच्या अधू दृष्टीने, त्यांनी संघ हाती घेतला आणि क्षेत्ररक्षण व फिरकी यांना मान मिळवून दिला.

निकाल विरुद्ध जाऊनही नेमणूक सार्थ ठरल्याचे सर्वांत सुंदर उदाहरण फ्रँक वॉरेलचे. वेस्ट इंडीजचा पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून तो १९६०-६१ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेला, ब्रिस्बेनला कसोटी इतिहासातला पहिला बरोबरीतला सामना खेळला, मालिका २-१ हरला आणि मेलबर्नच्या रस्त्यांवर त्याच्या संघाला निरोप द्यायला प्रचंड गर्दी लोटली. दोन्ही देशांतल्या मालिकेच्या चषकाला त्याचे नाव आहे.

जुलै १९८१ मध्ये इयन बोथमने इंग्लंडचे कर्णधारपद सोडले आणि माइक ब्रिअर्ली परतला. पुढच्याच कसोटीत, लीड्सला, बोथमने फॉलोऑननंतर नाबाद १४९ केल्या, बॉब विलिसने ४३ धावांत आठ बळी घेतले, इंग्लंड १८ धावांनी जिंकला. पद काढले की खेळाडू मोकळा होतो, हा नियम तेव्हापासून सांगितला जातो. बोथमच्या बारा कसोटींत एकही विजय नव्हता हे खरे. पण त्यांतल्या नऊ त्या काळच्या वेस्ट इंडीजविरुद्ध होत्या, हे सांगायचे राहून जाते. रॉस टेलरने तर नोव्हेंबर २०१२ मध्ये, पद धोक्यात असल्याचे ठाऊक असताना, कोलंबोत १४२ आणि ७४ धावा करून न्यूझीलंडला जिंकून दिले. महिन्याभरात ब्रेंडन मॅकलम कर्णधार झाला आणि जानेवारीत केपटाऊनला संघ ४५ वर बाद झाला. २०१५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलेला मॅकलमचा संघ पाहून आज तो बदल योग्य वाटतो. केपटाऊनच्या त्या दुपारी तसे कोणी म्हणाले नसते. ऑस्ट्रेलियाच्या ॲलन बॉर्डरलाही १९८४ पासून १९८९ च्या अॅशेसपर्यंत वेळ मिळाला म्हणूनच त्याचे मोल कळले.

हंगामी कर्णधाराला हा वेळ मुळीच नसतो. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारत ३६ वर बाद झाला, विराट कोहली मायदेशी परतला आणि मेलबर्नला अजिंक्य रहाणेने ११२ धावा केल्या. तो धावबाद झाला तो रवींद्र जडेजाच्या अर्धशतकाची धाव घेताना. परतताना त्याने खिन्न झालेल्या जडेजाला थोपटले. भारताने ती कसोटी जिंकली, सिडनीची वाचवली, ब्रिस्बेनला ३२८ धावांचा पाठलाग करून मालिका घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईला पुढची मालिका सुरू झाली तेव्हा नाणेफेकीला कोहली गेला आणि रहाणे उपकर्णधार म्हणून स्लिपमध्ये उभा राहिला. कर्णधार म्हणून त्याच्या सहा कसोटी आहेत: चार विजय, दोन अनिर्णित.