मोटर मेली, की मोटरपर्यंत वीज पोचलीच नाही?

बटण दाबलं, एकदा ‘टक’ वाजलं, इंजिन जागचं हललं नाही. जुन्या मोटरसायकलवर हे झालं की निकाल लगेच लागतो: ‘बॅटरी चांगली आहे, रिले वाजतोय, म्हणजे सेल्फची मोटर गेली.’ (सेल्फची मोटर म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी; रिले म्हणजे बटण दाबल्यावर तिला वीज जोडणारा स्विच.) मोटर उतरते, नवी येते, बसते. बटण दाबल्यावर पुन्हा तेच टक. हा प्रकार इतक्यांदा होतो की आता स्पष्ट सांगायलाच हवं: त्या वाक्यातल्या तीन विधानांपैकी एकही तपासलेलं नसतं.

मोटर स्वतः खराब होणं वेगळं आणि चांगल्या मोटरीपर्यंत वीज न पोचणं वेगळं. सीटवर बसून दोन्ही अगदी सारखेच वाटतात. खर्चात मात्र फरक मोठा आहे, कारण दुसऱ्याचा इलाज बहुतेक वेळा एक पाना आणि पॉलिश पेपर एवढाच असतो.

रचना थोडक्यात अशी. बारीक वायरींचं एक सर्किट: बटण, क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच, रिलेची कॉइल. जाड वायरींचं दुसरं: बॅटरी, रिलेचे आतले संपर्क, मोटर, आणि इंजिनच्या बॉडीतून परत बॅटरीकडे. दिवे नीट लागतात पण बटण दाबून काहीच वाजत नाही, तर दोष बहुधा बारीक सर्किटमध्ये. मोटर घूंऽऽ करून फिरते पण इंजिन फिरत नाही, तर वन-वे क्लच (मोटरीचा जोर इंजिनला देणारा, एकाच दिशेने पकडणारा क्लच) घसरतोय आणि मोटर निर्दोष आहे. भराभर टकटकटक वाजतं, तर बॅटरी दबतेय: व्होल्टेज पडतं, कॉइलची पकड सुटते, भार गेल्यावर व्होल्टेज सावरतं, कॉइल पुन्हा ओढते. तिथे आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा. या तिघांबद्दल फारसा घोळ होत नाही. घोळ होतो तो एकाच टकचा.

तो आवाज कसला असतो? कॉइलने आतला दांडा ओढला आणि तो आपटला, एवढंच. दांड्यावरची तांब्याची चकती दोन बोल्टांना जोडते आणि तिच्यातून मोटरीचा करंट जातो. दरवेळी जुळताना-सुटताना तिथे ठिणगी पडते. वर्षानुवर्षं असं होऊन चकती जळते, खड्डे पडतात, काजळी साचते. दांडा पूर्वीसारखाच आपटतो, आवाज पूर्वीसारखाच येतो, वीज मात्र पलीकडे जात नाही. वाजणारा रिले म्हणजे चालणारा रिले नव्हे. पैज लावायचीच तर जुन्या गाडीवर मी मोटरीआधी या चकतीवर आणि अर्थिंगच्या, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परत जाणाऱ्या, वायरवर लावेन.

इथे मीटर हाती घेणारेही फसतात. मल्टीमीटर ‘बीप’वर (वाट जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवतात, रिलेच्या दोन बोल्टांना लावतात, बटण दाबतात, बीप येतो आणि रिले ठीक ठरतो. वायरलाही तीच परीक्षा. जाड सर्किटसाठी ही परीक्षा कुचकामी आहे. मीटर त्या वायरमधून नगण्य करंट पाठवतो. मोटरीला इंजिनच्या आकारानुसार काही दहा ते शंभरावर ॲम्पिअर लागतात. विहिरीच्या दोराचा एकच पेड उरला असेल तर रिकामी कळशी त्याला खुशाल लटकते, भरलेली ओढली की तो तुटतो. हिशेबही साधा आहे: सांध्यात ०.०५ ओहमचा अडथळा आहे आणि मोटरीला १०० ॲम्पिअर हवेत, तर तेवढ्या करंटला त्या एका सांध्यातच ५ व्होल्ट संपतील. साध्या मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचा अडथळाच यापेक्षा जास्त असतो, मग त्याला ०.०५ ओहम दिसणार कसे? जाड वायरींचं सर्किट ओहममध्ये तपासू नका. भार असताना, व्होल्टमध्येच तपासा.

बॅटरीचंही तेच. स्वस्थ असताना १२.६ ते १२.८ दिसले म्हणजे ती भरलेली आहे एवढंच कळतं. प्लेटांवर सल्फेट चढलेली जुनी बॅटरीही स्वस्थ असताना छान आकडा दाखवते आणि बटण दाबताच कोसळते. मोटर फिरत असताना टर्मिनलांवर साधारण १० व्होल्ट टिकले, तरच तिला चांगली म्हणायचं. दुखणं जुनंच आहे. अमेरिकेतल्या ‘इंडियन’ या मोटरसायकल कंपनीने १९१४ साली ‘हेंडी स्पेशल’ ही बटणावर चालू होणारी मोटरसायकल आणली आणि ती मुख्यतः बॅटऱ्यांपायीच फसली.

आता खरी तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये. मीटर डीसी व्होल्ट, २० च्या रेंजवर. आधी बॅटरीवर: मीटरची टोकं थेट शिशाच्या खांबांवर टेकवा, वायरीच्या क्लॅम्पवर नाही, कारण खांब आणि क्लॅम्प यांच्यातला गंजच अनेकदा गुन्हेगार असतो. बटण दोन-तीन सेकंद दाबून आकडा वाचा. मग मोटरीवर: मीटरची लाल वायर मोटरीवर जाड वायर येते त्या बोल्टला, काळी मोटरीच्या बॉडीवर खरवडून स्वच्छ केलेल्या जागी. पुन्हा बटण. डिजिटल मीटरला आकडा स्थिर करायला क्षणभर लागतो, म्हणून घाईने बटण सोडू नका. काट्याचा जुना मीटर असेल तर या कामाला मला तोच जास्त आवडतो.

मोटरीवर १२ च्या आसपास व्होल्ट येतायत आणि मोटर ढिम्म आहे: मोटर खराब, वाद संपला. आत कार्बन (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) झिजले आहेत किंवा अडकले आहेत, म्हणजे सर्किट तिच्यातच तुटलंय. करंट वाहतच नाही, त्यामुळे वाटेत व्होल्ट गळत नाहीत आणि पूर्ण आकडा तिच्या दारात उभा दिसतो.

बॅटरीवर १२ च्या वर टिकतंय आणि मोटरीवर एक-दोन व्होल्ट किंवा शून्य: मोटरीला हात लावू नका. व्होल्ट वाटेत गळतायत. बटण दाबून ठेवत वाटेचा एकेक तुकडा मोजा: बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून रिलेच्या पहिल्या बोल्टपर्यंत, रिलेच्या एका बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत, तिथून मोटरीच्या बोल्टपर्यंत, आणि मोटरीच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत. करंट वाहत असताना चांगल्या तुकड्यावर व्होल्टचा एखाद-दुसरा दशांश दिसतो. जिथे पाच-सात किंवा दहा दिसतील तिथेच रोग आहे. शेवटचा तुकडा टाळू नका. परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही, आणि चेसिस रंगवून आलेल्या गाडीत अर्थिंगचा बोल्ट ताज्या रंगावरच आवळलेला असतो. रंग खरवडून उघड्या धातूवर तो बसवला की ‘गेलेली’ मोटर फिरायला लागते.

बॅटरीवरचाच आकडा सहा-सातवर आला, तर दोन शक्यता उरतात: बॅटरी अशक्त आहे, किंवा मोटर भलताच करंट खातेय. खात्रीची, चांगली १२ व्होल्टची बॅटरी जोडून बघा. इंजिन झटक्यात फिरलं तर मोटरीवर संशय घेण्याचं कारणच उरत नाही. तरीही अडलं आणि जाड वायर हाताला गरम लागली, तर आधी इंजिन मोकळं आहे ना बघा: किकने, किंवा वरच्या गियरमध्ये मागचं चाक फिरवून. इंजिन मोकळं असेल तर मोटर आतून जॅम झालीय किंवा शॉर्ट आहे. अडलेली मोटर सगळ्यात जास्त करंट खाते, कारण फिरताना तिच्यात जो उलटा विजेचा दाब (व्होल्टेज) तयार होऊन करंट आवरतो, तो उभ्या मोटरीत नसतो.

मीटर नसेल तर हेडलाइट बघण्याचा सल्ला मिळतो. बऱ्याच गाड्यांत बटण दाबताच हेडलाइट मुद्दाम बंद होतो, म्हणून न्यूट्रलचा दिवा बघा. टकच्या वेळी तो ठळक राहिला तर जाड सर्किटमध्ये करंट फारसा वाहत नाहीये, मंदावला तर वाहतोय किंवा बॅटरी थकलीय. एवढा अंदाज येतो, निदान होत नाही.

आता स्क्रू-ड्रायव्हर. रिलेच्या दोन बोल्टांवर तो आडवा टाकून ठिणग्या उडवायच्या आणि तरी मोटर फिरली नाही की तिला मृत ठरवायचं, ही सवय मला मुळीच पटत नाही. त्याने फक्त रिलेचे संपर्क वगळले जातात. वायर, सांधे, अर्थिंग तसेच राहतात. बोल्टांचे आटे जळतात, आणि चार्ज होऊन आलेल्या बॅटरीजवळ हायड्रोजन असतो, तिथे ठिणगी पाडणं धोक्याचं आहे. मीटरशिवाय करायचंच तर जाड जंपर वायरी घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून निगेटिव्ह खांबापासून थेट मोटरीच्या बॉडीला एक, मग पॉझिटिव्हपासून दुसरी. बॅटरीकडची टोकं आधी पक्की करा आणि शेवटचा स्पर्श मोटरीच्या बोल्टला करा, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब पडेल. तेवढ्याने मोटर जोमाने फिरली तर दोष वाटेतच आहे.

मोटरीवर हातोडी मारण्याबद्दलही बोललं पाहिजे. ठोकल्यावर मोटर फिरली तर कार्बन अडकलेत किंवा संपत आलेत एवढी माहिती मिळते, आणि त्यासाठी लाकडी मुठीची हलकी टिचकी पुरते. ज्या मोटरींत कायमचे चुंबक असतात, त्यांत ते फेराइटचे, ठिसूळ असतात आणि घणाने तडकतात.

निदान मोटरीवरच आलं, तरी लगेच नवी घेऊ नका. मूळ मोटरीत नवे कार्बन घालणं मला स्वस्त नकली मोटरीपेक्षा केव्हाही जास्त भरवशाचं वाटतं. उघडण्याआधी झाकणांवर आणि बॉडीवर जुळणीची खूण करा, वॉशरांचा क्रम लिहून ठेवा. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची गोल कडी) बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पट्ट्यांमधल्या खाचांतली कार्बनची भुकटी काढा. बीपची परीक्षा योग्य ठरते ती इथे: शेजारच्या पट्ट्यांमध्ये बीप यायला हवा, पट्टी आणि शाफ्ट यांच्यात येता कामा नये. शाफ्टशी बीप आला तर आर्मेचर, म्हणजे मोटरीचा आतला फिरता भाग, गेलं, मग मात्र कार्बनवर पैसे घालू नका.

परत बसवताना मोटरीच्या बोल्टवर दोन नट असतील तर आतला पान्याने धरून मगच बाहेरचा आवळा. नुसता बाहेरचा आवळला तर अख्खा बोल्ट फिरतो, आतलं इन्सुलेशन फुटतं, आणि दुरुस्त केलेली मोटर बॉडीला शॉर्ट होते.